नागमोडी रेघ

हा लेख मी एका कबुलीने सुरू करतो. चित्रपटांच्या नाशात माझाही हात आहे.

१९९०च्या आगेमागे, मी आठ-दहा वर्षांचा असताना, आमच्या खटाव तालुक्यात पुसेगावच्या यात्रेला तंबूतले सिनेमे येत. यंत्रावर फीत तुटली की ऑपरेटर फाटका भाग कात्रीने कापून टाकी, उरलेली टोके जोडी आणि खेळ पुढे चालू करी. आत प्रेक्षक शिट्ट्या मारीत; आम्ही पोरे तंबूच्या मागे टपून बसलेलो असू, कारण कापलेले तुकडे तिथे येऊन पडत. शिवाय यात्रेत एक फेरीवाला काचेच्या बरणीत असेच तुकडे घेऊन बसे. चार आण्याला मूठभर. घरी दारे-खिडक्या लावायच्या, उडालेल्या बल्बात पाणी भरून त्याचे भिंग करायचे, एकाने अंगणात आरसा धरून उन्हाची तिरीप आत सोडायची, मध्ये तुकडा धरायचा. की समोर टांगलेल्या आजोबांच्या धोतरावर नट उभा राही. तुकडा सुलटा धरला तर नट उलटा, हे शास्त्र आम्हांला पुस्तकाआधी कळले.

या तुकड्यांची देवघेव गोट्यांसारखी चाले. हाणामारीचा एक तुकडा द्यावा आणि नुसत्या झाडांचे चार घ्यावेत असा भाव होता. झाडांना कोणी विचारीत नसे. घोड्यासाठी किंवा पिस्तुलासाठी आम्ही लांब तुकड्याचे दोन करीत असू आणि झाडे ओढ्यात सोडून देत असू. कोणत्या चित्रपटांची ती झाडे होती, कोण जाणे.

पुढे मी मॅट्रिक झालो, चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, मास्तर झालो, दोन-तीन कादंबऱ्याही लिहिल्या. तुकडे विसरलो होतो. मग काही वर्षांपूर्वी पुण्यात मोठ्या पडद्यावर सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत पाहिली. त्या चित्रपटात हाणामारी नाही. झाडे आहेत, तळे आहे, वारा आहे, पाऊस आहे. पाने इतकी स्वच्छ हलत होती की मला ओढा आठवला आणि बसल्या जागी ओशाळल्यासारखे झाले. तेव्हापासून जुने चित्रपट कसे नाहीसे होतात आणि जे वाचतात ते कोणाच्या हातून वाचतात, हे शोधण्याचा नाद लागला तो लागलाच.

नाशाची कथा आधी सांगतो, कारण तिचे मूळ द्रव्यातच आहे. १९५०च्या सुमारापर्यंत फीत बनत असे ती सेल्युलोज नायट्रेटची. बंदुकीच्या कापसाचा हा सख्खा भाऊ. त्याने एकदा पेट घेतला की पाणी ओतून उपयोग नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तो स्वतःच पुरवतो. पेटला नाही तरी उष्ण, दमट हवेत तो हळूहळू चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते. पुढे आलेली ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फीत पेटत नाही एवढेच. ती आंबते, आक्रसते, आणि डबा उघडताच व्हिनेगरचा भपका येतो. त्यातून फितीवर चांदी असते. चित्र उमटते ते चांदीच्या कणांनी. म्हणजे जो चित्रपट चालून-चालून निकामी झाला, त्याची किंमत मोडीच्या बाजारात मात्र शिल्लक राही. रीळ धुऊन चांदी काढावी आणि उरलेल्या सेल्युलोजच्या बांगड्या कराव्यात, असा हा व्यवहार होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेही नाही. त्याचे उरलेसुरले डबेही चांदीपायी गेले, अशी हकीकत पी. के. नायर सांगत असत.

भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले असे मानतात. त्यांतले हाती आहेत ते ३०च्या आसपास, आणि तेही बरेचसे तुकड्यांच्या रूपात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) हा शेतकऱ्याच्या कर्जाची कहाणी सांगणारा मूकपट, ज्यात तरुण शांताराम वणकुद्रे शेतकरी झाले होते, तो आपल्याला फक्त वर्णनांतून माहीत आहे. पेंटरांनी १९३६ साली तीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली म्हणून निदान सांगाडा तरी कळतो. मी चित्रकलेचा मास्तर. पेंटर माझ्या जातकुळीचे. दृश्य उभे करण्याआधी ते त्याचे रेखाटन करीत, पोशाख, हालचाल, उभे राहण्याची ढब कागदावर उतरवीत. त्यांचा ‘सावकारी पाश’ पाहायला मिळाला तर मी पुसेगावचे सगळे घोडे आणि पिस्तुले परत करायला तयार आहे.

आता नायरांविषयी. परमेश कृष्णन नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे, जन्म १९३३चा. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी ते तिथे रुजू झाले. १९९१ साली निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट होते. हे कसे जमले म्हणाल, तर गोदामे, भंगारवाले, निर्मात्यांचे वारस, बंद पडलेली थिएटरे, अशा दारोदार फिरण्याने. प्रत्येक खेळाला हा गृहस्थ अंधारात बसून लहानशा विजेरीच्या उजेडात वहीत काहीतरी टिपत असे. कोणते रीळ, कितवे दृश्य, कुठे तुटले आहे. ४ मार्च २०१६ रोजी ते पुण्यातच वारले.

दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांतले आज जे पाहायला मिळते, ते बव्हंशी नायरांच्या खटपटीमुळे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी मिळवला आणि सांधला. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे, आणि सुरुवातीला ती नुसती कॅमेऱ्याकडे पाहून चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. शंभर वर्षांपूर्वीची ती पोर आजही माझ्या वर्गातली वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट निराळी. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या त्या चार रिळी चित्रपटाची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे मिळाली. आपण ती आनंदाने पाहतो. पण फाळक्यांनी १९१७ साली हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि हाती असलेली रिळे या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणून हार घालतो ती कदाचित नक्कल, आणि तीही खुद्द कर्त्याच्याच हातची.

हे वाचले तेव्हा मला एकदम पुण्यातला एक रस्ता आठवला. लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालय आहे, बॅरिस्टर जयकरांच्या बंगल्याच्या आवारात. २०२२ पासून ते चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले आहे. त्याच रस्त्यावर प्रभात स्टुडिओची जुनी वास्तू आहे, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आणि त्याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. ही शेजारी घरे एकमेकांकडे जात-येत असतील की नाही मला ठाऊक नाही. पण धंदा दोघांचा एकच आहे.

भांडारकर मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले ते १९६६ साली पुरे केले. भारतभरची आणि बाहेरचीही मिळून १,२००हून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत या कामाची धुरा वाहिली. पद्धत थोडक्यात अशी: सगळ्या पोथ्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, कोणती कोणत्या कुळातली ते ठरवायचे, जे सर्वांत जुने आणि सर्वांना मान्य ते वर छापायचे आणि बाकीचे पाठभेद खाली द्यायचे. आणि ज्या शब्दाबद्दल संपादकाची खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढायची. मला या साऱ्या अवाढव्य कामात ती रेघ सर्वांत मोलाची वाटते. इतकी विद्वत्ता पणाला लावल्यावरही ‘इथे माझी खात्री नाही’ असे छापून सांगणे हे साधे काम नव्हे.

मराठी माणसाला ही गोष्ट त्याहूनही जुन्या काळापासून ठाऊक असायला हवी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले. त्यांना स्वतःला काय कमी ओव्या सुचत होत्या? पण त्यांनी एकही आत घातली नाही, आणि पुढच्यांनाही घालू नका म्हणून बजावले. चित्रपटाच्या डागडुजीचा सारा धर्म या एका कृतीत आहे असे मला वाटते.

‘पथेर पांचाली’ची कहाणी आता या उजेडात पाहावी. रायबाबू एप्रिल १९९२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) यांच्या मूळ निगेटिव्ह कलकत्त्याहून लंडनला हेंडरसन नावाच्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या, त्या जतन व्हाव्यात म्हणूनच. जुलै १९९३ मध्ये त्या प्रयोगशाळेला आग लागली. तिथल्या नायट्रेटच्या फितींनी पेट घेतला आणि रायबाबूंची रिळे होरपळली. काही जळाली, काही वितळून एकमेकांना चिकटली. दुसऱ्या कोणी तो राखेचा ढीग कचऱ्यात टाकला असता. अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीने मात्र ते अवशेष तसेच्या तसे आपल्या संग्रहात ठेवून दिले. तेव्हा त्यांचे काय करायचे याची कोणाला कल्पना नव्हती. शास्त्र तेवढे पुढे गेले नव्हते. वीस वर्षे ते डबे नुसते पडून राहिले. फेकून न देणे हेही एक काम असते.

मग क्रायटेरियन या अमेरिकी संस्थेने ते उघडवले आणि इटलीतल्या बोलोन्या शहरी ‘लिम्माजिने रित्रोवाता’ नावाच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे कोरडी ठणठणीत, ठिसूळ झालेली फीत द्रावणाच्या वाफेवर ठेवून हळूहळू मऊ केली. कडेची मोडलेली भोके एकेक करून हाताने बुजवली, चिकटलेले पदर सोडवले, मेण आणि डिंक पुसला. नुसते हे हातकाम हजारभर तासांचे. त्यानंतर एकेका चौकटीचे यंत्राने चित्र घेतले. सेकंदाला २४ चौकटी. दोन तासांचा चित्रपट धरला तर १,७२,८०० चित्रे होतात. ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग असा हाती लागला. ‘अपूर संसार’चे काहीच कामी आले नाही. उरलेल्या जागा इतर ठिकाणच्या चांगल्या प्रतींवरून भरल्या, म्हणजे दुसऱ्या पोथीचा पाठ घेतला. ४ मे २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘पथेर पांचाली’ पुन्हा दाखवला गेला. त्याच शहरात, त्याच संस्थेत तो १९५५ साली पहिल्यांदा दाखवला होता.

संगणकाच्या कामाबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. ओरखडा कसा पुसतात? एका चौकटीत एक पांढरी रेघ आहे, आणि मागच्या-पुढच्या चौकटीत त्या जागी नाही, तर ती रेघ म्हणजे इजा, असे यंत्र धरते आणि शेजारच्या चौकटीवरून जागा भरते. शहाणपणाचा हिशेब आहे. पण पाऊस पडत असेल तर? पावसाची धारही एका चौकटीत असते आणि दुसरीत नसते. यंत्राला मोकळे सोडले तर ते पाऊस पुसून टाकते. म्हणून तिथे माणूस बसवावा लागतो, जो म्हणेल की हा ओरखडा आहे, ही सर आहे. दुर्गा भर पावसात गरगर फिरते तो प्रसंग पाहताना मी हेच मनात आणीत होतो, की कोणीतरी दूर देशी बसून बंगालचा पाऊस थेंबाथेंबाने राखला आहे.

याच्या उलट टोकाचीही उदाहरणे आहेत, आणि ती आपल्याकडचीच. १९६०चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली सगळा रंगवून पुन्हा लावला, आणि २००७ साली ‘नया दौर’ला तसेच रंग फासले. लोकांनी गर्दी केली, हे खरे. लहान मुलांनी जुना चित्रपट त्या निमित्ताने पाहिला, हेही मान्य. पण याला कोणी जीर्णोद्धार म्हणू लागले की माझे डोके फिरते. कृष्णधवल छायाचित्रकाराने उजेड आणि काळोख मोजून ठेवलेले असतात; त्यात हिरवा शालू घालणे म्हणजे ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणे. नवा चित्रपट म्हणून करा, जरूर करा, पण जुन्याच्या नावावर खपवू नका.

प्रामाणिकपणाचा नमुना पाहायचा तर फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चा पाहावा. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला लागल्यावर लवकरच तो कापून आखूड केला गेला आणि कापलेला भाग हरवला तो ऐंशी वर्षे. २००८ साली दक्षिण अमेरिकेत, ब्युनॉस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात, त्याची जवळजवळ पूर्ण लांबीची एक प्रत मिळाली. पण ती १६ मिलिमीटरच्या लहान फितीवर उतरवलेली, आणि मूळ प्रतीचे सारे ओरखडे त्यात कायमचे छापले गेलेले. २०१० साली दाखवलेल्या आवृत्तीत सुमारे २५ मिनिटांचा तो भाग योग्य जागी बसवला आहे, आणि तो लपवलेला नाही. चित्र थोडे लहान होते, पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस सुरू होतो, आणि आपल्याला कळते की हे हरवले होते. प्रथम ते डोळ्यांना खुपते. दहा मिनिटांत त्या रेघांचीच वाट पाहावीशी वाटते. सुकथनकरांची नागमोडी रेघ बर्लिनमध्ये भेटावी तसे मला झाले.

आता माझ्या आवडीचा विषय, चित्रांच्या गोष्टींचा. रायबाबूंनी ‘पथेर पांचाली’ची रीतसर पटकथा लिहिलीच नव्हती. एका वहीत शाईने एकाखाली एक चित्रे काढली होती, आणि ती घेऊन ते निर्मात्यांचे उंबरे झिजवत होते. ही वही त्यांनी पुढे पॅरिसच्या सिनेमाथेकला देऊन टाकली. नंतर तिचा तिथे शोध लागेना. सुदैवाने तिच्या पानांची संगणकीय नक्कल मिळाली आणि २०१६ साली ती पुस्तकरूपाने छापली. मी ती चाळतो तेव्हा ती मला चित्रपटाची तयारी वाटतच नाही. ती स्वतःच एक पूर्ण चित्रकथा आहे, आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथीसारखी, जिथे एकेक चित्र वर धरून गोष्ट सांगितली जाते.

अशा चित्रकथा आपल्या हिमतीवर छापणारी माणसे आजही आहेत, आणि त्यांच्या पुस्तकांचे नशीब जुन्या फितींहून निराळे नाही. ओरिजित सेन यांनी नर्मदेच्या धरणावर ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ ही चित्रकथा काढली. १९९४ साली कल्पवृक्ष या पर्यावरणवादी गटाने ती प्रसिद्ध केली. प्रती थोड्या निघाल्या, संपल्या, आणि मग कितीतरी वर्षे ती एकमेकांच्या हातून झेरॉक्स होऊन फिरत राहिली. अखेर २०२२ साली चेन्नईच्या ब्लाफ्ट या लहानशा प्रकाशनाने ती पुन्हा छापली. तीस वर्षांचेसुद्धा वय नसलेले पुस्तक, आणि त्याचा जीर्णोद्धार करावा लागतो! दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेली, बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरची ‘भीमायन’ (२०११) मी वर्गात नेतो. तिच्यात चौकटीच नाहीत, चित्रे वेलीसारखी पानभर वळत जातात. मुले ती आधी बोटाने वाचतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत घरच्या माळ्यावर माझा जुना कंपासचा डबा सापडला. आत फितीचे अकरा तुकडे. व्हिनेगरचा वास आला आणि काय ते समजलो. सर्वांत लांब तुकडा पाच चौकटींचा, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. एक बाई विहिरीच्या काठावर वळून पाहते आहे. कोण बाई, कोणता चित्रपट, काही कळत नाही. चेहरा कडेला आंबून गेला आहे.

तो तुकडा मी सातवीच्या वर्गात नेला, खिडकीच्या काचेला धरून सर्वांना दाखवला, आणि सांगितले की याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले ते आठ चौकटींत काढा. मुलांनी धमाल केली. विहिरीतून भूत निघाले, दरोडेखोर आले, एकाने तर बाईला सरळ विमानात बसवले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मधली चौकट भरली, विहीर, रहाट, बाई, अगदी फितीबरहुकूम, आंबलेली कडसुद्धा. बाकीच्या सात चौकटी कोऱ्या.

“का ग, वेळ पुरला नाही?”

“पुरला की सर,” ती म्हणाली, “पण ती कुणाकडं बघतीय ते आपल्याला कुठं म्हाईत हाय?”

मी तिला गुण किती द्यावेत ते ठरवू शकलो नाही आणि वही घरी घेऊन आलो. त्या रात्री अकरा कागदी पाकिटे केली, एकेक तुकडा एकेकात घातला, आणि पाकिटांवर पेन्सिलीने दिसते तेवढेच लिहिले: विहीर, बाई. बैलगाडीचे चाक. हात, बांगड्या. झाड, वारा असावा. ‘असावा’ या शब्दाखाली मी एक रेघ ओढली. डबा स्वच्छ पुसून उन्हात ठेवला आहे. पाकिटे संग्रहालयात नेऊन दाखवावीत असा विचार आहे. सहामाहीचे पेपर तपासून झाले की जाईन.